कारखान्यातील आर्क फ्लॅशच्या धोक्याचे मूल्यमापन: जागेवरच्या तपासणीपासून पॅनेलवरच्या लेबलपर्यंत

विजेच्या कामावर नव्याने आलेल्या मुलाला आपण सर्वांत आधी शिकवतो ते हे, की चालू लाइनला हात लावायचा नाही. ही शिकवण योग्यच आहे, पण ती अपुरी आहे, कारण आर्क फ्लॅशमध्ये, म्हणजे दोन वाहकांमधल्या हवेतूनच वीज वाहू लागल्यावर होणाऱ्या स्फोटात, भाजलेल्या माणसाने पुष्कळदा कशालाच हात लावलेला नसतो. तो ब्रेकर रॅक-इन करत, म्हणजे पॅनेलच्या कप्प्यात सरकवून जोडत असतो, फीडरचे (पुढे वीज नेणाऱ्या लाइनच्या कप्प्याचे) दार उघडून क्लँप मीटर लावत असतो, किंवा काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या शेजारी टॉर्च धरून नुसता उभा असतो. पाना हातातून निसटून बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहून नेणाऱ्या पट्टीवर) पडतो, केबलच्या उघड्या राहिलेल्या ग्लँडमधून पाल आत शिरते, किंवा पावसाळ्यातल्या दमट हवेने धुळीचा थर ओला होतो, आणि दोन फेजच्या मधल्या हवेतूनच करंट वाहू लागतो. त्या आर्कचे तापमान सुमारे १९,००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. तांब्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे ६७,००० पट वाढते आणि त्या दाबाने दार उखडते, वितळलेला धातू उडतो, कानठळ्या बसवणारा आवाज होतो. हे सगळे पापणी लवायच्या आत घडत असल्याने सावध राहून यातून वाचता येत नाही; जे करायचे ते आधीच करून ठेवावे लागते.

हा धोका अभियांत्रिकीच्या भाषेत पहिल्यांदा नीट मांडला तो राल्फ ली यांनी, १९८२ साली. त्यांच्या मांडणीतून पुढे एक मापदंड रूढ झाला: उघड्या त्वचेवर प्रति चौरस सेंटिमीटर १.२ कॅलरी उष्णता पडली, की दुसऱ्या दर्जाची, म्हणजे फोड येणारी पण बहुधा भरून निघणारी, जखम होते. आर्क फ्लॅशचे संपूर्ण मूल्यमापन या एका आकड्याभोवती फिरते. माणूस जिथे उभा राहून काम करतो तिथे, त्याच्या छातीवर आणि चेहऱ्यावर, किती कॅलरी पडतील, हे काढायचे आणि मग तो आकडा खाली आणायचा. दुसरा भाग मी मुद्दाम लिहितो आहे. अनेक कारखान्यांत सल्लागार येतो, अहवाल देतो, पॅनेलवर रंगीत लेबले लागतात, एक जाड सूट कपाटात ठेवला जातो आणि काम संपले असे मानले जाते. पण आकडा तितकाच राहिला असेल, तर पॅनेलसमोरच्या माणसाचा धोकाही तितकाच राहिलेला असतो.

पुढील पायऱ्या मध्यम आकाराच्या, ११ किलोव्होल्टवर वीज घेणाऱ्या आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असलेल्या कारखान्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. उदाहरणातले आकडे अशा कारखान्यात सहज आढळतील असे घेतले आहेत, पण ते तुमच्या कारखान्याचे नाहीत. ते तुम्हाला तुमच्या जागेवरूनच काढावे लागतील.

पायरी १: जागेवर जे आहे ते कागदावर आणा

मूल्यमापनाचा पाया म्हणजे सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे कारखान्यात वीज कुठून कुठे जाते ते एकेरी रेघांनी दाखवणारा आराखडा. बहुतेक कारखान्यांत तो असतो, पण तो उभारणीच्या वेळचा असतो. त्यानंतर एक कॉम्प्रेसर वाढलेला असतो, एका फीडरला दुसऱ्या शेडची केबल जोडलेली असते, छतावर सोलर बसलेले असते आणि जळालेल्या ब्रेकरच्या जागी हाताशी मिळाला तो ब्रेकर बसवलेला असतो. म्हणून पहिले काम म्हणजे डायग्राम हातात घेऊन एचटी (उच्च दाबाच्या) यार्डापासून शेवटच्या डीबीपर्यंत (वितरण पेटीपर्यंत) चालत जाणे आणि जिथे फरक दिसेल तिथे लाल पेनाने खूण करणे. हे काम बाहेरच्या सल्लागारावर पूर्णपणे सोपवू नये. रोज पॅनेल हाताळणारा वायरमन सोबत असावा, कारण कोणता ब्रेकर खरोखर कोणत्या मशिनला जातो हे पुष्कळदा त्यालाच माहीत असते.

या फेरीत ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून केव्हीए (क्षमता), व्होल्टेज आणि टक्केवारीतला इम्पीडन्स (आतला अवरोध) उतरवून घ्यावा. केबलचा आकार, लांबी, आणि ती तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, हे टिपावे. पन्नास अश्वशक्तीच्या आसपासच्या आणि त्याहून मोठ्या मोटारींची यादी करावी. प्रत्येक ब्रेकरचा मेक, मॉडेल आणि रिलीज (ब्रेकर पाडणारा भाग), आणि त्या रिलीजवरच्या डायल प्रत्यक्षात कुठे फिरवलेल्या आहेत, याचे फोटो घ्यावेत. सीटी रेशो (करंट मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे प्रमाण) आणि एचटी रिलेची (फॉल्ट ओळखून एचटी ब्रेकर पाडणाऱ्या उपकरणाची) सेटिंग रिलेच्या पडद्यावरूनच वाचावी; टेस्ट रिपोर्टवरून उतरवू नये. फ्यूज असतील तर त्यांचा प्रकार आणि रेटिंग हवे. ज्या माहितीसाठी आतले कव्हर काढावे लागते ती शटडाउनच्या दिवशीच गोळा करावी. ज्या धोक्याचा अंदाज अजून आपल्यालाच नाही, त्याच्यासमोर केवळ नोंद घेण्यासाठी दार उघडणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीकडून, म्हणजे बहुतेक ठिकाणी महावितरणकडून, आपल्या पुरवठा बिंदूवरची फॉल्ट लेव्हल (शॉर्टसर्किटच्या वेळी पुरवठ्याची ताकद किती, ते सांगणारा एमव्हीएमधला आकडा) लेखी मागवावी. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र पहिल्याच दिवशी द्यावे.

पायरी २: शॉर्टसर्किट करंट काढा, आणि एकच नव्हे

समजा, १६०० केव्हीएचा, ११ किलोव्होल्टवरून ४३३ व्होल्ट देणारा आणि ६.२५ टक्के इम्पीडन्सचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याचा दुय्यम बाजूचा फुल लोड करंट सुमारे २१३३ अँपिअर येतो. मागचा पुरवठा अमर्याद धरला, तर त्याला ०.०६२५ ने भागून शॉर्टसर्किट करंट सुमारे ३४ किलोअँपिअर मिळतो. पण पुरवठा अमर्याद नसतो. ११ किलोव्होल्टच्या बाजूला २५० एमव्हीए फॉल्ट लेव्हल असेल तर हाच करंट सुमारे ३१ किलोअँपिअर येतो, आणि १०० एमव्हीए असेल तर सुमारे २७. याशिवाय चालू असलेल्या मोटारीही सुरुवातीच्या काही सायकलपर्यंत फॉल्टमध्ये करंट ढकलतात, तो वेगळा मिळवावा लागतो.

ब्रेकरची क्षमता निवडताना आपल्याला सर्वांत मोठा करंट हवा असतो, आणि ती सवय इथे अंगलट येते. आर्क फ्लॅशमध्ये कमी करंटच्या वेळी ब्रेकर उशिरा पडतो आणि एकूण ऊर्जा जास्त होऊ शकते. म्हणून प्रत्येक शक्य स्थितीसाठी वेगळी गणना करावी: दोन ट्रान्सफॉर्मर समांतर आणि बसकपलर (दोन बसबार जोडणारा ब्रेकर) चालू, एकच ट्रान्सफॉर्मर, मोटारी थांबलेल्या, आणि कारखाना डीजी (डिझेल जनरेटर) सेटवर. डीजीची स्थिती तर हमखास राहून जाते. ५०० केव्हीएच्या जनरेटरचा फॉल्ट करंट पहिल्या क्षणी काही किलोअँपिअर असतो, पण लवकरच तो उतरून फुल लोडच्या तिपटीच्या आसपास येऊ शकतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी लावलेल्या इनकमर ब्रेकरला (पॅनेलमध्ये वीज आत घेणाऱ्या मुख्य ब्रेकरला) एवढा करंट फॉल्ट म्हणून दिसतच नाही. ग्रिडची वीज गेलेली असताना, म्हणजे नेमकी दुरुस्तीची घाई असते तेव्हा, ही स्थिती उद्भवते.

पायरी ३: आर्कचा करंट वेगळा असतो

बसबारवर लोखंडी सळी घट्ट बसली तर जो करंट वाहील, तो वरच्या पायरीत काढला. आर्क मात्र हवेतून जातो आणि त्या हवेला स्वतःचा रोध असतो, म्हणून लो टेन्शनमध्ये (कमी दाबाला) आर्कचा करंट बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास येतो. हे गणित आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १५८४ क्रमांकाच्या मानकात आहे. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची, आणि १८०० हून अधिक चाचण्यांवर आधारलेली सुधारित आवृत्ती २०१८ ची. नव्या आवृत्तीत कंडक्टर उभे आहेत की आडवे, ते खोक्यात आहेत की उघड्यावर, खोक्याचे मोजमाप किती, हे सगळे विचारात घ्यावे लागते आणि त्यासाठी सॉफ्टवेअर लागते. जुन्या आवृत्तीतली सूत्रे मात्र कॅल्क्युलेटरवर सोडवता येतात. म्हणून समजून घेण्यासाठी मी इथे ती वापरतो, पण लेबलवर जाणारा अंतिम आकडा २०१८ च्या पद्धतीनेच काढावा. माणसाच्या दिशेने आडवे रोखलेले कंडक्टर ज्वाळा थेट बाहेर फेकतात, आणि जुन्या सूत्रात ही गोष्ट धरलेलीच नाही.

आपल्या उदाहरणात ३१ किलोअँपिअर शॉर्टसर्किट करंट आणि लो टेन्शन स्विचगिअरसाठी मानकात दिलेले कंडक्टरमधले ३२ मिलिमीटरचे अंतर घेतले, तर आर्कचा करंट सुमारे १४.६ किलोअँपिअर येतो. जुन्या पद्धतीत याच्या ८५ टक्के, म्हणजे १२.४ किलोअँपिअरवरही तपासणी करायची असते, कारण आर्क अस्थिर असतो आणि करंट थोडा कमी निघाला तर ब्रेकर वेगळ्या वेळेला पडू शकतो. २०१८ च्या पद्धतीत ही घट ठरावीक टक्केवारीने न घेता सूत्राने काढतात.

पायरी ४: आर्क किती वेळ जळेल

ऊर्जा वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते. ट्रान्सफॉर्मर बदलता येत नाही आणि बसबारमधले अंतर बदलता येत नाही, पण वेळ बदलता येतो, तोही अनेकदा फक्त एक डायल फिरवून. म्हणून या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

उदाहरणातल्या पीसीसीचा (ट्रान्सफॉर्मरनंतरच्या मुख्य पॅनेलचा) इनकमर २५०० अँपिअरचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर) आहे, असे धरू. खालच्या फीडरशी समन्वय राहावा, म्हणजे आधी खालचाच ब्रेकर पडावा, म्हणून त्याचे इन्स्टंटेनिअस (तत्क्षणी पाडणारी सेटिंग) बंद ठेवले आहे आणि शॉर्ट-टाइम (किंचित थांबून पाडणारी सेटिंग) आठ पटीवर, म्हणजे २० किलोअँपिअरवर लावले आहे. कागदावर सगळे ठीक दिसते: फॉल्ट ३१ किलोअँपिअरचा, ब्रेकर २० ला पडणार. पण प्रत्यक्ष आर्क १४.६ किलोअँपिअरचा आहे. ब्रेकरच्या दृष्टीने तो फॉल्ट नव्हेच. तो एक मोठा ओव्हरलोड आहे, आणि ओव्हरलोडच्या वक्रावर ब्रेकर कित्येक सेकंद वाट पाहतो. अशा वेळी गणनेत जास्तीत जास्त २ सेकंद धरण्याची मुभा आहे, कारण तेवढ्यात माणूस मागे सरकतो असे मानले जाते. पॅनेलच्या मागच्या अरुंद जागेत, केबल ट्रेंचमध्ये किंवा शिडीवर असलेल्या माणसाबाबत असे मानू नये. त्याला मागे सरकायला जागाच नसते.

प्रत्येक ब्रेकरचा आणि रिलेचा वेळ-करंट वक्र एकाच आलेखावर काढावा आणि त्यावर आर्क करंटाच्या उभ्या रेघा ओढाव्यात, प्रत्येक स्थितीसाठी एक. रेघ शॉर्ट-टाइमच्या डावीकडून जात असेल तर तो फीडर आधी हाताळायचा. डायलवरच्या वेळेत ब्रेकरचा यांत्रिक उघडण्याचा वेळही मिळवायला हवा. आणि हा वेळ तेव्हाच खरा, जेव्हा ब्रेकरची देखभाल झालेली असते. वर्षानुवर्षे न हललेल्या, ग्रीस सुकलेल्या ब्रेकरसाठी उत्पादकाचा वक्र वापरणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

पायरी ५: ऊर्जा आणि अंतर

काम करताना छाती व चेहरा बसबारपासून किती लांब असतो, त्याची मानकातली रूढ मापे अशी आहेत: लो टेन्शन स्विचगिअरला ६१० मिलिमीटर, एमसीसी (मोटारींच्या नियंत्रणाचे पॅनेल) आणि डीबीला ४५५ मिलिमीटर, आणि ५ व १५ किलोव्होल्ट वर्गातल्या स्विचगिअरला ९१४ मिलिमीटर. उदाहरणातल्या पीसीसीवर, ६१० मिलिमीटरवर, हिशेब असा येतो. आर्क ०.२ सेकंद जळला तर प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ६.३ कॅलरी. आहे त्या सेटिंगवर, २ सेकंदांत, सुमारे ६३ कॅलरी. शॉर्ट-टाइम चार पटीवर, म्हणजे १० किलोअँपिअरवर आणले आणि एकूण तोडण्याचा वेळ ०.२५ सेकंद झाला, तर सुमारे ७.९ कॅलरी, इथे १२.४ किलोअँपिअरचा कमी करंटही १० च्या वरच राहतो, म्हणून ही सुधारणा टिकाऊ आहे. काम सुरू असताना तात्पुरते इन्स्टंटेनिअस लावून एकूण वेळ ०.०५ सेकंदावर आणला, तर सुमारे १.६ कॅलरी. पॅनेल तेच आहे आणि माणूसही तोच आहे. ६३ आणि १.६ मधला फरक फक्त सेटिंगचा आहे.

उष्णता १.२ कॅलरीपर्यंत उतरते ते अंतर म्हणजे आर्क फ्लॅशची सीमारेषा, आणि तिच्या आत योग्य पोशाखाशिवाय कुणीही उभे राहायचे नाही. वरच्या ६३, ७.९ आणि १.६ कॅलरींच्या तीन स्थितींत ही रेषा अनुक्रमे सुमारे ९ मीटर, २.२ मीटर आणि पाऊण मीटरवर येते. नऊ मीटर म्हणजे बहुतेक ठिकाणी संपूर्ण पॅनेल रूम, दारात उभ्या असलेल्या हेल्परसकट.

आता एक गोष्ट जी अहवालांत वारंवार चुकलेली दिसते. वरची सारी गणना इनकमरच्या खालच्या बाजूसाठी आहे. इनकमरच्या वरच्या टर्मिनलवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणाऱ्या बाजूला आर्क झाला, तर इनकमर काहीच करू शकत नाही; तो आर्क एचटी ब्रेकरलाच तोडावा लागतो. १४.६ किलोअँपिअर ११ किलोव्होल्टच्या बाजूला फक्त ५७५ अँपिअर दिसतात. १०० अँपिअरवर लावलेल्या, ०.२ टाइम मल्टिप्लायरच्या (वेळेच्या गुणकाच्या) नॉर्मल इन्व्हर्स रिलेला, म्हणजे करंट जितका मोठा तितक्या लवकर पडणाऱ्या रिलेला, त्यासाठी सुमारे ०.८ सेकंद लागतात. त्यात ब्रेकरचा वेळ मिळवला, की ऊर्जा २७ ते २९ कॅलरींच्या घरात जाते. एचटी रिलेचे इन्स्टंटेनिअस इथे कामाला येत नाही, कारण लो टेन्शनच्या फॉल्टला ते पडू नये म्हणूनच ते मुद्दाम वर ठेवलेले असते. इनकमरच्या कप्प्यात वरची आणि खालची बाजू भक्कम पत्र्याने वेगळी केलेली नसेल, तर त्या कप्प्यावर वरच्या बाजूचाच आकडा लिहावा. सेटिंग कमी करून इनकमर सुरक्षित झाला, असा समज करून घेणे इथे फार महागात पडते.

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात असू द्याव्यात. आयईईई १५८४ हे २०८ व्होल्ट ते १५ किलोव्होल्टपर्यंतच्या थ्री-फेज एसीसाठी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक औद्योगिक वसाहतींत पुरवठा २२ किंवा ३३ किलोव्होल्टवर होतो, आणि तिथल्या एचटी पॅनेलला ही सूत्रे लावता येत नाहीत. ली यांचे सैद्धांतिक सूत्र वापरता येते, पण ते उघड्या हवेतल्या आर्कसाठी आहे आणि जास्त व्होल्टेजला आकडा फार फुगवून देते. म्हणून अशा ठिकाणी आकड्याच्या मागे न लागता दार उघडून चालू लाइनवर काम न करण्याचा नियम करणे मला अधिक सयुक्तिक वाटते. सोलरची डीसी बाजू आणि मोठ्या बॅटरी बँका यांचेही मूल्यमापन वेगळे करावे. २४० व्होल्ट किंवा त्याखालील आणि २ किलोअँपिअरपेक्षा कमी शॉर्टसर्किट करंटच्या ठिकाणी आर्क टिकून राहण्याची शक्यता कमी असते, असे मानक सांगते. शक्यता नसतेच, असे ते म्हणत नाही.

पायरी ६: कोणते काम, कोणत्या स्थितीतले पॅनेल

ऊर्जेचा आकडा परिणाम सांगतो, शक्यता सांगत नाही. म्हणून प्रत्येक पॅनेलपुढे तिथे प्रत्यक्ष होणाऱ्या कामांची यादी ठेवावी. दार बंद ठेवून, चांगल्या स्थितीतला ब्रेकर बटणाने चालू-बंद करणे वेगळे, आणि दार उघडून ब्रेकर रॅक-इन करणे किंवा बसबारचे कव्हर काढणे वेगळे. ट्रिप झालेला ब्रेकर कारण न शोधता पुन्हा चढवणे हे यातले सर्वांत घातक काम, आणि उत्पादन थांबलेले असताना त्यासाठी सर्वांत जास्त दबाव येतो. नियमित थर्मोग्राफीत (उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने केलेल्या तपासणीत) तापलेले दिसणारे लग (केबलच्या टोकाचे जोड), उघडे ग्लँड, उंदरांच्या लेंड्या, गळणारे छत, दाराचे गहाळ बोल्ट, या नोंदी गणिताइतक्याच महत्त्वाच्या आहेत. आतल्या आर्कसाठी आयएस/आयईसी ६२२७१-२०० या मानकाप्रमाणे तपासलेले एचटी पॅनेलसुद्धा दार पूर्ण बंद असतानाच माणसाचे रक्षण करते. दोन बोल्ट कमी असले तरी त्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

पायरी ७: आकडा खाली आणा

पहिला पर्याय नेहमी पुरवठा बंद करून काम करणे हाच असायला हवा, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांचा रोखही तोच आहे. शटडाउन मिळत नाही ही तक्रार खरी असते, पण तिचे उत्तर वायरमनने द्यायचे नसते. चालू लाइनवर काम करण्याची लेखी परवानगी प्लांट हेडच्या सहीनेच निघेल, असा नियम केला, की अशा मागण्या आपोआप कमी होतात.

त्यानंतर सेटिंग. वरच्या उदाहरणाप्रमाणे शॉर्ट-टाइम खाली आणताना सर्वांत मोठ्या मोटारीचा स्टार्टिंग करंट आणि खालच्या फीडरशी असलेला समन्वय तपासावा, नाहीतर नको तेव्हा ट्रिपिंग होते आणि महिन्याभरात कुणीतरी डायल पुन्हा वर नेऊन ठेवतो. समन्वय सोडता येत नसेल, तर देखभालीपुरती जलद सेटिंग लावणारा चावीचा स्विच बसवावा, आणि त्याची स्थिती दाखवणारा दिवा पॅनेलच्या दारावर असावा. मोठ्या पीसीसीला प्रकाश ओळखणारा आर्क रिले बसवता येतो. त्याला आर्क ओळखायला काही मिलिसेकंदच लागतात, त्यामुळे एकूण वेळ जवळजवळ ब्रेकरच्या उघडण्याइतकाच उरतो. त्याची ट्रिप एचटी ब्रेकरलाही दिली, तर इनकमरच्या वरच्या बाजूचा प्रश्नही सुटतो, आणि त्या २७ कॅलरींवर मला हा सर्वांत समाधानकारक उपाय वाटतो. रॅकिंग दूरून करणारी मोटार, खिडकीतून थर्मोग्राफी करण्याची सोय, बसबारवर इन्सुलेशनचे आवरण, हे उपाय माणसाला लांब ठेवतात किंवा आर्कची शक्यता घटवतात. बजेट अपुरे असेल तर सगळीकडे थोडेथोडे करण्यापेक्षा ज्या दोन-तीन पॅनेलवर ऊर्जा जास्त आणि हाताळणीही जास्त, तिथून सुरुवात करावी.

पायरी ८: लेबल आणि पोशाख

बदल झाल्यावर गणना पुन्हा करावी आणि मगच लेबल लावावे. लेबलवर व्होल्टेज, कामाच्या अंतरावरची ऊर्जा, सीमारेषा, लागणारा पोशाख आणि अभ्यासाची तारीख असावी. ते मराठीत आणि हिंदीत असावे, कारण रात्रपाळीला पॅनेलसमोर कंत्राटदाराचा कोणता माणूस असेल हे आपण सांगू शकत नाही.

एनएफपीए ७०ई या अमेरिकी मानकात पोशाखाचे चार वर्ग आहेत, किमान ४, ८, २५ आणि ४० कॅलरींचे, आणि आपल्याकडेही सूट याच आकड्यांवर विकले जातात. ७.९ कॅलरी आली म्हणून ८ चा सूट घेऊ नये. गणनेत अनिश्चितता असतेच, म्हणून वरच्या वर्गाचा घ्यावा. सुटाबरोबर पूर्ण हुड, कानात प्लग, आणि शॉकसाठी व्होल्टेजनुसार रबरी हातमोजे व त्यांवर चामड्याचे हातमोजे लागतात. ४० च्या वर ऊर्जा असेल तिथे कितीही जाड सूट घालून चालू लाइनवर काम करू देऊ नये, कारण तिथे दाबाचा आघातही मोठा असतो आणि कापड तो अडवत नाही.

आपल्या कारखान्यांचा गणवेश बहुधा टेरिकॉटचा असतो. त्यातले पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटते आणि जखम कित्येक पटींनी खोल करते. विजेच्या विभागाला आर्क-रेटेड कापडाचा रोजचा गणवेश द्यावा आणि आतले कपडेही सुती असावेत. सुटाच्या किमतीच्या मानाने हा खर्च लहान आहे, पण तो रोज अंगावर असतो, आणि अपघात ठरवून येत नाही.

पायरी ९: पुरवठा खरोखर बंद आहे हे सिद्ध करा

बंद केल्यावर कुलूप लावणे, टॅग लावणे, चावी काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवणे, ही पद्धत आता पुष्कळ ठिकाणी रुळली आहे. राहते ती शेवटची तपासणी. टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी तपासावा, मग बंद केलेल्या जागी तिन्ही फेज एकमेकांशी आणि अर्थशी तपासाव्यात, आणि नंतर टेस्टर पुन्हा चालू जागी तपासावा, म्हणजे मधल्या वेळात तोच बिघडला नाही ना हे कळते. त्यानंतर अर्थिंग करावे. ही तपासणी होईपर्यंत पॅनेल चालूच आहे असे धरायचे असते, म्हणून ती करणाऱ्याच्या अंगावर पूर्ण पोशाख हवा. बॅकफीडकडे विशेष लक्ष द्यावे: डीजी, यूपीएस, सोलर इन्व्हर्टर, किंवा दुसऱ्या शेडमधून आलेली ती केबल, जी पहिल्या फेरीत लाल पेनाने नोंदवली होती.

अभ्यासाचा फेरआढावा जास्तीत जास्त पाच वर्षांनी घ्यावा, असा एनएफपीए ७०ई चा दंडक आहे. पण नवा ट्रान्सफॉर्मर, नवे सोलर किंवा पुरवठा कंपनीच्या सबस्टेशनमधला बदल झाला, तर पाच वर्षे थांबू नये. रिलेची किंवा रिलीजची सेटिंग बदलण्याचा अधिकार एकाच नेमलेल्या व्यक्तीकडे ठेवावा. बदल झाला त्याच दिवशी जुनी सेटिंग, नवी सेटिंग, कारण आणि सही पॅनेल रूममधल्या रजिस्टरमध्ये लिहावी, आणि गणना पुन्हा होईपर्यंत त्या पॅनेलवरचे लेबल झाकून तिथे चालू लाइनवरचे काम बंद ठेवावे.